लोकमान्य आमच्याकडे आले नव्हते

आमच्या पार्ल्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत एक वेताची आरामखुर्ची आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. चुकून कोणी टेकलंच तर सासूबाई आतून आवाज देतात, "जपून हं, त्यावर लोकमान्य बसले होते." १९९४ साली लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून ही गोष्ट ऐकते आहे. टिळक पार्ल्याला आले होते, आजेसासऱ्यांनी बांधलेल्या या बंगल्यात घटकाभर टेकले, चहा प्यायले. कोणत्या साली, हे विचारायची कोणाची बिशाद नव्हती.

फाटकाच्या खांबावर संगमरवराची छोटी पाटी आहे, तिच्यावर नुसतं '१८६५' कोरलेलं. ती चुलतसासऱ्यांची करामत. तिची कथा पुढे येईलच.

खरं सांगायचं तर मला या घराचं कधी फारसं कौतुक नव्हतं. मी डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमधून आले. तिथे ओट्यापासून हात लांब केला की पंख्याचं बटण. इथे स्वयंपाकघरातून पुढच्या दारापर्यंत जाईस्तोवर बेल वाजवणारा कंटाळून परत जायचा. पावसाळ्यात तीन ठिकाणी पातेली मांडायची, भिंतींना कमरेपर्यंत ओल, वाळवीची भीती, आणि उरलेल्या वेळात जिन्याखालच्या उंदरांचा बंदोबस्त. माझ्या माहेरचे म्हणायचे, "बंगलेवाली झालीस!" मी म्हणायचे, या एकदा जुलैत.

हा बंगला इतकी वर्षं टिकला त्यात आमच्या वारसाप्रेमाचा वाटा शून्य. तो टिकला विमानांमुळे. विमानतळ इतका जवळ की पार्ल्यात इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे. फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली, तर फारच. बिल्डर यायचे, चहा प्यायचे, वर बघायचे. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान घरघरत जायचं आणि त्यांच्या कागदावरचे मजले खाली यायचे. नियमाने मिळणारा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या मानाने बांधकामाचा हक्क, वापरायला आकाशच शिल्लक नाही, असं हे गणित. दुसरं कारण मालमत्ता पत्रक. सिटी सर्व्हेच्या त्या कागदावर सात नावं, त्यातली तीन माणसं वर गेलेली, त्यांच्या वारसांची नोंद अर्धवट, एक चुलतदीर पुण्यात, एक नणंद न्यूजर्सीत. सगळ्यांची सही एका कागदावर आणणं म्हणजे श्राद्धाला आणि बारशाला एकच भटजी एकाच वेळी मिळवणं.

मग पुण्याच्या भाऊजींनी मनावर घेतलं. महापालिकेच्या कायद्याप्रमाणे तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मालकाने करून घ्यायचं असतं. आमचं घर नव्वदीच्या पुढचं, ऑडिट कधीच नाही. भाऊजींनी एक इंजिनिअर पाठवला. त्याला कोणी सुचवलं होतं हे मी विचारलं नाही, पण तो आला त्या गाडीत मागे एका बिल्डरची माहितीपत्रकं होती.

त्याने अर्ध्या तासात घर पाहिलं. बंदुकीसारखं एक यंत्र भिंतीला दाबायचा, टक् असा आवाज आला की आकडा लिहून घ्यायचा. अहवाल आला चाळीस पानांचा: कॉलमच्या सळ्यांना गंज, बीमना तडे, काँक्रीटची ताकद कमी, इमारत सी-१. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. भाऊजींचा फोन आला, "वहिनी, आता आपल्या हातात काही राहिलेलं नाही. जीव महत्त्वाचा."

मी अहवाल दोनदा वाचला. नवऱ्याला म्हटलं, "अहो, आपल्या घरात कॉलम कुठे आहेत?"

घर विटांचं. जाड भिंतींवर सागवानी तुळया, तुळयांवर कैच्या, म्हणजे छपराचे तिकोनी सांगाडे, कैच्यांवर रिपा आणि मंगळुरी कौलं. सगळा भार भिंती पेलतात. त्या बंदुकीला रिबाउंड हॅमर म्हणतात, ती काँक्रीटचा पृष्ठभाग किती टणक आहे ते मोजते, हे मला नंतर कळलं. आमच्या बाबतीत तिने सासऱ्यांनी १९७८ साली मारलेल्या सिमेंटच्या गिलाव्याची तब्येत मोजली होती. बाकीचा अहवाल दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीचा, वर आमचा पत्ता.

माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीची वर्गमैत्रीण जुन्या इमारतींचं जतन करणारी आर्किटेक्ट निघाली. तिशीची, पाठीवर सॅक, पायात चपला. आली तशी मला म्हणाली, "काकू, चहा नंतर. आधी मला घराभोवती एक चक्कर मारू द्या." ती चक्कर तीन तास चालली. तिच्याकडे बॅटरी, स्क्रू-ड्रायव्हर आणि ओल मोजायचं छोटं यंत्र एवढंच सामान. तुळईचं जे टोक भिंतीत शिरतं तिथे ती स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघत होती. अठरापैकी चार टोकांत तो लोण्यात शिरावा तसा शिरला. बाकी ठिकाणी नुसता ठक्क आवाज. मग तिने भिंतींवरच्या पाच तड्यांवर काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. काच तुटली तर तडा जिवंत, म्हणजे भिंत अजून सरकते आहे. नाही तुटली तर तो जुना, बसून गेलेला तडा. "पावसाळा जाऊ दे. मग ठरवू," म्हणाली.

त्या चार महिन्यांत मी रोज सकाळी देवपूजेआधी पाच काचा बघून यायचे. सासूबाईंना वाटलं, नवीन व्रत घेतलंय.

चार काचा तशाच राहिल्या. पाचवी फुटली, तीही कुठे, तर मागच्या संडास-बाथरूमच्या भिंतीवर. हा भाग सासऱ्यांनी त्याच १९७८ च्या दुरुस्तीत काँक्रीटचा स्लॅब टाकून घराला जोडला होता. आमच्या घरातला तो सगळ्यात नवा, सगळ्यात 'पक्का' भाग. स्लॅबखालचा पोपडा काढला तर आतली सळई बोटाने चुरली. खाऱ्या हवेत आणि रोजच्या पाण्यात काँक्रीटमधलं लोखंड गंजतं, फुगतं आणि काँक्रीट फोडतं. जवळपास शंभरीच्या विटा उभ्या होत्या, आणि पन्नाशीही न गाठलेला स्लॅब त्यांना ओढून खाली आणत होता.

दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीचा प्रसंग मला सगळ्यात लख्ख आठवतो. ही भिंत आमच्या लाजेची जागा. खालपासून तीन-साडेतीन फूट खाऱ्या ओलीचा लोणा लागलेला, दर दिवाळीला ऑइलपेंट द्यायचा, दर श्रावणात त्याचे फुगे यायचे. पाहुणे आले की मी तिथे सोफा सरकवायचे. आर्किटेक्टने वाईकडचा एक म्हातारा गवंडी आणला. त्याने छिन्नीने सिमेंट उडवलं. मागची वीट बघवेना. तोंडाचा सगळा भाग भुगा झालेला, हात लावला की लाल पीठ. मला रडूच आलं. खरंच सी-१, असं वाटलं.

मग त्याने भिंतीतल्या कपाटाची मागची फळी काढली. कपाटामागे १९७८ साली कोणी हात घातलाच नव्हता. तिथे जुना चुन्याचा गिलावा होता, मळकट पांढरा, आणि त्याच्या कडेला उघडी वीट. तीच भिंत, तोच थर, एका हाताच्या अंतरावर. पण या विटेच्या कडा धारदार, रंग पिकलेल्या चिंचेसारखा, आणि दोन विटांमधले सांधे आखून भरल्यासारखे. नखाने खरवडलं तर नखच झिजलं.

"जमिनीतली ओल विटेत चढणारच," आर्किटेक्ट म्हणाली. "चुना तिला बाहेर सोडतो. येते, उडून जाते. सिमेंटने दार बंद केलं, वर ऑइलपेंटची कडी घातली. मग ओल आणखी वर चढते, आणि तिच्याबरोबर आलेला क्षार विटेच्या कातडीमागे साचून तिला आतून फोडतो." सासऱ्यांनी पदरचे पैसे घालून, मोठ्या हौसेने केलेली ती दुरुस्ती. ते असते तर मी त्यांना हे सांगितलं नसतं.

गवंड्याने तिथेच बसून मला विटांची भाषा शिकवली. एका थरात विटेची लांब बाजू दिसते, वरच्या थरात आखूड. पुन्हा लांब, पुन्हा आखूड. याला म्हणे इंग्लिश बाँड. भिंत दीड विटेची, म्हणजे चौदा इंच. "बाई, हल्ली कोणी एवढी वीट घालील का? चार इंचांत बाहेरची भिंत उठवतात," म्हणाला. खिडकीवरच्या कमानीत प्रत्येक वीट घासून पाचरीसारखी केलेली होती. तीस वर्षं मी त्या खिडकीत पापड वाळवले, वर कमान आहे हे कळलं नव्हतं. सिमेंटखाली ती एक सपाट पट्टी दिसायची.

दुसरा अहवाल झाला, बारा पानांचा. सी-२बी. घर रिकामं न करता दुरुस्ती करण्याजोगं, मागचा स्लॅब मात्र ताबडतोब उतरवावा. भाऊजी म्हणाले, दोन अहवालांत एवढा फरक असेल तर ते प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक समितीकडे जातं, माहीत आहे ना? मी म्हटलं, खुशाल जाऊ द्या, तुमच्या अहवालातले कॉलम समितीला दाखवायला तुम्ही या. तो पहिला अहवाल पुढे कोणी दाखल केला नाही.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आर्किटेक्टने विषय काढला, हेरिटेज यादीसाठी प्रस्ताव का देत नाही? घरात वीज पडल्यासारखं झालं. आमच्याकडे हेरिटेज म्हणजे सीएसएमटी, राजाबाई टॉवर, फोर्टातल्या इमारती. युनेस्कोने २०१८ साली मान दिला तोही ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना. पार्ल्याच्या कारकुनाच्या घराला कोण विचारतो? नणंदेने न्यूजर्सीहून रात्री व्हिडिओ कॉल करून सांगितलं, "हेरिटेज लागलं की भिंतीत खिळा ठोकायलाही परवानगी लागते. वहिनी, तू सगळ्यांच्या हिश्शावर पाणी सोडते आहेस."

मी नियमावली काढून वाचली. मुंबईत हे नियम १९९५ पासून आहेत. वास्तूंच्या तीन श्रेणी. पहिली राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाची, तिला हात लावणं कठीण. दुसरीचे दोन भाग, अ आणि ब, त्यात आतले बदल करता येतात. तिसरी श्रेणी शहराच्या एखाद्या भागाचा चेहरामोहरा सांगणाऱ्या वास्तूंची, तिच्यात आत-बाहेर दोन्हीकडे बदलाला वाव असतो, तो त्या परिसराशी जुळता हवा एवढंच. आमचं घर बसलं तर तिसरीत बसणार. आणि यादीत आल्यामुळे जे बांधकाम करता येत नाही, त्याचा हक्क टीडीआर म्हणून विकायची तरतूदही नियमांत आहे. हे मी नणंदेला समजावलं. ती म्हणाली, "टीडीआर कधी मिळतो ते मला नको सांगूस." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रस्तावात घराचं मूल्य कशात आहे ते लिहायचं असतं. वास्तुरचना, काळ, बांधण्याचं तंत्र, आसपासच्या घरांशी मिळून होणारा समूह, आणि थोर व्यक्तीशी संबंध. शेवटचा मुद्दा ऐकून सासूबाई उठूनच बसल्या. "लिही! लोकमान्य लिही!"

"आजी, पुरावा लागेल," आर्किटेक्ट म्हणाली. "आधी घर कधीचं ते बघू."

पुरावा म्हणून चुलतसासऱ्यांची पाटी निकालात निघाली ती पहिल्याच दिवशी. कौलं उतरवताना दोन प्रकारची सापडली. एका प्रकारावर इंग्रजीत बाझेल मिशन टाइल वर्क्स, मंगळूर, १८६५. चुलतसासऱ्यांनी कधीतरी गळती काढताना हे वाचलं आणि घराचं साल म्हणून फाटकावर कोरून टाकलं! १८६५ हे त्या मिशनऱ्यांनी कौलांचा कारखाना काढला ते साल. पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक कौलावर तेच उमटत राहिलं. दुसऱ्या प्रकारावर कॉमनवेल्थ ट्रस्ट असं नाव. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते या कंपनीकडे गेले. म्हणजे युद्धानंतरची कौलं. पण कौलं काय, मागाहूनही बदलली असतील. कागद हवा होता.

कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मिळाला. जमिनीचं खरेदीखत, मोडीत. दादरचे एक निवृत्त गृहस्थ मोडी वाचतात, त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी भिंग लावून पहिल्या चार ओळी वाचल्या आणि विचारलं, "लोकमान्य कधी गेले, सांगा?"

"१ ऑगस्ट १९२०, सरदारगृहात." एवढं पार्लेकराला येतंच.

"मग हे बघा. जिल्हा मुंबई उपनगर. हा जिल्हा झाला १९२० च्या ऑक्टोबरात. त्याआधी साष्टी, म्हणजे पार्ल्याकडचा हा सगळा भाग, ठाणे जिल्ह्यात होती. खाली तारीख आहेच, पण तारीख नसती तरी मी सांगितलं असतं, ही जमीन तुमच्याकडे आली तेव्हा टिळक नव्हते."

तारीख १९२३ ची होती. दादर ते पार्ले मी खिडकीची जागा मिळूनही बाहेर बघितलं नाही. शंभर वर्षांची गोष्ट, आणि मी तिला एका ट्रंकेसाठी मारून टाकलं.

पण त्याच खरेदीखताच्या घड्यांत आजेसासऱ्यांच्या हातची एक हिशेबाची वहीही होती, आणि तिने मला जे दिलं ते लोकमान्यांच्या चहापेक्षा कमी नव्हतं. ते फोर्टात एका कंपनीत कारकून. गिरगावात चाळीत राहायचे. विटा किती गाड्या, चुना किती, चुना मळायच्या घाणीला बैल भाड्याने, गूळ, हिरडे. गूळ-हिरडे बांधकामाच्या हिशेबात बघून मला वाटलं पानं मिसळली. गवंडी हसला. चुन्यात घालतात म्हणाला, चिकटपणा येतो. एका पानावर जोत्याचा, म्हणजे घराच्या चौथऱ्याच्या उंचीचा, उल्लेख आहे: आधी दोन फूट ठरलं होतं, पुढे खोडून तीन केलं आणि शेजारी लिहिलं, "शेतात पाणी राहते."

तेव्हा आजूबाजूला भातशेती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री आमच्या गल्लीत तळमजल्यावरचे सगळे फ्रिज तरंगले. आमच्याकडे पाणी चौथ्या पायरीला आलं. पायऱ्या पाच आहेत. मी पहाटेपर्यंत त्या पाचव्या पायरीवर मेणबत्ती घेऊन बसले होते. तेव्हा मी देवाचे आभार मानले होते. ते खरं म्हणजे एका खोडलेल्या दोनाचे मानायला हवे होते.

हे सगळं मी प्रस्तावात लिहिलं. जोतं, दीड विटेची भिंत, कमानी, उंच छपराखालचे झरोके, पुढची पडवी. समूहाचा रकाना भरताना हात अडखळला. लग्न झालं तेव्हा गल्लीत अशी अकरा घरं होती. आता दोन. समूह म्हणावा की नाही, कळेना. शेवटी जी पडली त्यांचीही नोंद केली, कोणतं केव्हा पडलं त्यासकट. थोर व्यक्तीशी संबंध, यापुढे लिहिलं: नाही. सासूबाईंना ते वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग आमच्या सासूबाईंनी चहा दिला कोणाला?"

दुरुस्तीला पैसे कोणी दिले नाहीत. मुलाच्या नावाची एफडी मोडली. चार तुळयांची कुजकी टोकं कापून नव्या सागाचे जोड दिले. बाथरूम उतरवलं, तीन महिने शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतो. कळीचा चुना मागच्या अंगणात खड्ड्यात विझवून महिनाभर भिजत ठेवला, त्याचं पाणी पहिल्या दिवशी असं उकळलं की मांजर आठवडाभर मागे फिरकलं नाही. नव्या विटा जुन्यांच्या मापाला बसेनात. तेवढ्यात गल्लीतला दहावा बंगला पडायला लागला. ठेकेदाराकडून त्याच्या विटा नगावर विकत घेतल्या. त्या आता आमच्या पश्चिमेच्या भिंतीत आहेत, खालून चार थर. मला ओळखू येतात, थोड्या काळपट आहेत.

प्रस्ताव गेला आहे. काही उत्तर आलेलं नाही. भाऊजी मध्यंतरी येऊन भिंत बघून गेले, हात फिरवला, काही बोलले नाहीत. जाताना एक उरलेलं '१८६५' चं कौल मागून घेतलं. फाटकावरची पाटी मी काढली नाही. सासूबाई नवीन प्लंबरला सवडीने टिळकांची हकीकत सांगतात, आणि मी मधे पडत नाही.

यंदा जुलैत घर कोरडं होतं. एका जागी सोडून. पडवीच्या कोपऱ्यावर कॉमनवेल्थ ट्रस्टची सात कौलं कमी पडली, तशी कुठे मिळेनात. कोकणात कोणाचं घर उतरवलं तर कळवा, असं चार जणांना सांगून ठेवलंय. तोवर तिथे पत्रा आहे, आणि पत्र्याखाली बादली.